मागचं माप

कळव्यात, खाडीच्या वासात,
मुनाफ मुकादमचं सीट-कव्हरचं दुकान.
मी म्हटलं, फोम जरा जाड टाका, देवगडला जायचंय.
त्यानं दातानं दोरा तोडला.
"मागं कोण बसतं?"
बायको.
"मग त्यांना आणा.
ब्लाउजच्या मापाला कुणी नवऱ्याला पाठवतं का?"

रविवारी विटाव्यावरून शैलाला घेऊन गेलो.
गाडी स्टँडवर, ती मागच्या सीटवर,
आणि मुनाफ माझ्याकडे पाठ करून विचारू लागला
जे मी अकरा वर्षांत विचारलं नव्हतं:
मुंग्या कुठल्या पायाला आधी येतात?
गुडघा कुठं अडतो?
हात कुठं ठेवता?
मी मध्येच म्हटलं, माझ्या खांद्यावर.
ती म्हणाली, मागच्या दांडीला.
ब्रेक मारला की मी ह्यांच्यावर घसरते,
मग हे म्हणतात, नीट बस.

मुनाफनं सीटवर तळहात दाबला,
डॉक्टर पोटावर दाबतो तसा.
"पुढं उतरती आहे.
त्या बसत नाहीत साहेब, त्या धरून राहतात."
फूटरेस्ट दोन बोटं वर. मागचे शॉक
एकट्या माणसाच्या हिशेबानं लावलेले.

बोलली का नाहीस, मी विचारलं.
बोलायची की, ती म्हणाली.
वडखळला. माणगावला. महाडच्या अलीकडे.
"चहा घेऊ या का?"

अकरा वर्षं मी पाहुण्यांना सांगत आलो
आमची ही भारी चहाबाज,
पन्नास किलोमीटर झाले की हिला चहा लागतोच.
घरी ती एकदाच घेते, सकाळी,
आणि अर्धा कप बेसिनमध्ये ओतते.

मुनाफनं पोऱ्याला हाक मारली.
"अदनान, साहेबांना बायपासला फिरवून आण. मागं बसवून.
जुन्याच सीटवर."

माझ्याच गाडीवर मी पहिल्यांदा मागे बसलो.
समोर रस्ता नव्हता, अदनानचं हेल्मेट होतं,
त्यावर अर्धवट सोललेला गरुड.
पुढच्याला खड्डा दिसतो.
मागच्याला तो माकडहाडातून कळतो.
मुंब्र्याच्या चढावर एक कंटेनर इतका जवळून गेला
की मी दांडी पकडली.
दांडीचा काळा रंग दोन जागी उडालेला,
डावीकडे चार बोटं, उजवीकडे चार,
आणि माझी बोटं त्यात मावेनात.

परतीला, दुकान नजरेच्या टप्प्यात असताना,
मी त्याच्या कानाशी ओरडलो,
"अदनान, चहा घेऊ या का?"
"काका, आलंच की दुकान."

चार दिवसांनी सीट तयार झाली.
जेल नको म्हणाला मुनाफ, उन्हात तापतं.
मधोमध एक घळ ठेवली, हाडाला टेकू नये म्हणून,
उतार काढला, मागच्या डब्याला उशी शिवली,
फूटरेस्ट खाली आणले.
पैसे देताना मी म्हटलं, माझ्या सीटचंही बघा की.
तो म्हणाला, "तुमची चांगली आहे."

पहाटे चारला ऐरोलीहून निघालो.
वडखळ गेलं. ती गप्प.
आरशात मला तिचा फक्त खांदा दिसतो,
आणि खांद्यावरून काही कळत नाही.
नागोठणे. कोलाड.
गप्प म्हणजे बरं आहे,
की गप्प म्हणजे गप्प?
गाडीपेक्षा मी पाठीलाच कान लावून होतो.

इंदापूरच्या पुढे पाठीवर एक बोट.
दोनदा.
"पाय," ती म्हणाली.

मी तिथंच बाजूला घेतली.
हॉटेल नव्हतं, टपरी नव्हती,
एक ऐनाचं झाड आणि कुणीतरी टाकलेलं टायर.
ती झाडापर्यंत चालत गेली, परत आली,
पुन्हा गेली.
मी घड्याळ पाहिलं.
पाहिलं, पण बोललो नाही.